लिहिलेलं परत सापडावं म्हणून

वाचताना आवडलेल्या परिच्छेदाचा आपण फोनवर फोटो काढून ठेवतो. लिंक स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवतो. बैठकीतले मुद्दे डायरीत, प्रवासात सुचलेलं गूगल कीपमध्ये, आणि पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जिथे पडली तिथेच. साठवण्यात आपण कुठे कमी पडत नाही. अडतं ते दोन वर्षांनी. लेख लिहायला, धडा शिकवायला किंवा परीक्षेची उजळणी करायला बसल्यावर आठवतं की या मुद्द्यावर नेमकं काहीतरी वाचलं होतं, आणि ते कुठे ठेवलं हे काही केल्या आठवत नाही.

नोंदी ठेवायची ॲप आज डझनांनी मिळतात आणि प्रत्येकाची जाहिरात वैशिष्ट्यांची लांबलचक यादी पुढे करते. माझ्या मते ती यादी बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत. जे शोधतोय ते सापडतं का? आणि ते शोधताना, आपण शोधत नव्हतो पण कामाचं आहे असं काही हाताला लागतं का? पहिला प्रश्न शोधाचा आहे, दुसरा जोडणीचा. दोन्ही प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचे आहेत, आणि त्यांची कागदावरची उत्तरं पाहिली की सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते लवकर कळतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचं, म्हणजे शब्दांचे अर्थ काळानुसार कसे बदलत गेले ते दाखवणाऱ्या शब्दकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतले शब्द संदर्भासह एकेका चिठ्ठीवर उतरवले गेले. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे अकारविल्हे लावून ठेवलेल्या आहेत. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये, आणि काम अजून चालू आहे. एवढ्या प्रचंड पसाऱ्यातून एखादा शब्द सापडतो, कारण एक नियम कसोशीने पाळला गेला: एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले असते तर ती कोणत्या खणात ठेवायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला असता.

अकारविल्हे लावणं कोशाला उत्तम, कारण तिथे येणाऱ्याला काय शोधायचं हे ठाऊक असतं. आपल्या विचारांचं तसं नसतं. पाझर तलावांवर वाचलेला मुद्दा ‘पाणी’खाली ठेवायचा, ‘दुष्काळ’खाली, ‘मजुरी’खाली की गावाच्या नावाखाली? जिथे ठेवाल तिथे तो एकाच वाटेने सापडणार आणि बाकीच्या तीन वाटांवरून जाणाऱ्याला दिसणारच नाही. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये हीच तक्रार मांडली. माणसाचं मन एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं, आणि ग्रंथालयं मात्र माहिती वर्णक्रमाने किंवा आकड्यांनी लावतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ‘मेमेक्स’ नावाचं एक कल्पित टेबल वर्णन केलं. त्यात मायक्रोफिल्मवर सगळी पुस्तकं आणि टिपणं, आणि कोणत्याही दोन पानांना एकमेकांशी कायमचं बांधून ठेवायची सोय. ते टेबल कधी तयार झालं नाही, पण आज आपण ज्याला लिंक म्हणतो त्यामागची कल्पना तीच.

कागदावर ही कल्पना प्रत्यक्षात राबवली ती जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान (१९२७–१९९८) यांनी. कायदा शिकलेले, आधी सरकारी नोकरीत, पुढे बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या लाकडी पेट्यांमध्ये सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या आणि त्यांतून त्यांची ढीगभर पुस्तकं उभी राहिली. विषयवार खण त्यांनी मुद्दाम टाळले. प्रत्येक चिठ्ठीला त्यांनी कधीही न बदलणारा क्रमांक दिला. समजा १२ क्रमांकाच्या चिठ्ठीवरच्या एखाद्या शब्दावरून पुढे काही सुचलं, तर ती नवी चिठ्ठी १२अ. तिच्यावरून पुढे सुचलं तर १२अ१. तोवर १३, १४ आधीच लिहून झाल्या असल्या तरी बिघडत नाही. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कितीही चिठ्ठ्या शिरू शकतात. क्रमांक कायमचा असल्यामुळे कोणत्याही चिठ्ठीवर ‘पाहा: १२अ१’ असं निर्धास्त लिहिता येतं. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या विषयसूचीत एका शब्दापुढे त्या विषयाच्या सगळ्या चिठ्ठ्या नसत, दोन-चार क्रमांकच असत. सूची फक्त आत शिरायचं दार दाखवी. पुढचा रस्ता चिठ्ठ्यांवरचे ‘पाहा’ दाखवत. १९८१ मधल्या एका लेखात तर त्यांनी ही पेटी म्हणजे आपल्याशी संवाद करणारा जोडीदार आहे अशी मांडणी केली. हा संग्रह पुढे बीलेफेल्ड विद्यापीठाने घेतला, आणि त्यातल्या चिठ्ठ्या आता टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर पाहायला मिळतात.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. ऑब्सिडियन (हे २०२० मध्ये आलं), लॉगसेक यांसारखी नोंदींची साधनं लुमानच्या पेटीतलं एक कष्टाचं काम आपल्यासाठी करतात. लुमानना १२अ१ वर ‘पाहा: ५७’ लिहिल्यावर ५७ ची चिठ्ठी काढून तिच्यावर ‘पाहा: १२अ१’ हेही लिहावं लागे, नाहीतर ५७ पासून निघणाऱ्याला १२अ१ चा पत्ताच लागत नसे. सॉफ्टवेअरमध्ये आपण एका बाजूने जोडलं की दुसरी बाजू आपोआप जोडली जाते. दुसऱ्या बाजूच्या या दुव्याला बॅकलिंक म्हणतात. ऑब्सिडियनसारखं साधन वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

एक नोंद जवळून पाहू. समजा तुम्ही १९७२ च्या दुष्काळावर वाचताय आणि असं लिहिलंत:

दुष्काळी कामांतून पाझर तलाव उभे राहिले
१९७२ च्या दुष्काळात सरकारने खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामं काढली. काही ठिकाणी मजुरांना सुकडी वाटली जाई. लोकांना काम मिळण्याचा हक्क पुढे [[रोजगार हमी योजना]] या कायद्याने पक्का केला.
शब्द: दुष्काळ, तलाव, पाणी, मजुरी, १९७२

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना ते दुहेरी चौकटी कंस ओळखीचे असतील. कंसात दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं की त्याची लिंक होते. तशी नोंद अजून नसेल तर त्यावर क्लिक केल्यावर कोरी नोंद उघडते. तिच्यात तुम्ही योजनेचे जनक वि. स. पागे यांचं नाव लिहिता, १९७७ चा कायदा लिहिता, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला हे लिहिता. काही महिन्यांनी अगदी वेगळ्या कामासाठी, समजा शेतमजूर स्त्रियांवर, तुम्ही वाचत असता. तिथे रोजगार हमीच्या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी असल्याचा उल्लेख येतो. त्याची वेगळी नोंद करताना तुम्ही पुन्हा [[रोजगार हमी योजना]] लिहिता आणि पुढे जाता. आता ‘रोजगार हमी योजना’ ही नोंद उघडली की बॅकलिंकच्या यादीत पाझर तलाव आणि स्त्रियांची मजुरी शेजारी शेजारी उभे दिसतात. या दोघांना तुम्ही कधी एकत्र आणलं नव्हतं. तलाव खोदणारे हात कोणाचे होते, हा लेखाचा विषय तिथे तयार होतो. वर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं दिसतं.

या उदाहरणातल्या तीन सवयी मुद्दामच्या आहेत. शीर्षक म्हणून ‘दुष्काळ’ एवढंच लिहिलेलं नाही, एक पूर्ण विधान लिहिलंय. वर्षभराने नुसतं ‘दुष्काळ’ वाचून आत काय आहे ते कळत नाही; विधान वाचलं की नोंद उघडावी लागत नाही. दुसरी सवय, मजकूर स्वतःच्या शब्दांत आहे. जसाच्या तसा उतारा चिकटवला की वाचल्याचं समाधान मिळतं, पण लेख लिहिताना तो उतारा पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावा लागतो. उतारा हवाच असेल तर खाली अवतरणात ठेवावा, पुस्तक आणि पान क्रमांकासह. पुस्तकं आणि शोधनिबंधांचे तपशील नीट ठेवायला झोटेरो हे मोफत साधन उत्तम आहे. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी सवय म्हणजे शेवटची ‘शब्द:’ ही ओळ. तिची गरज मराठीत लिहिणाऱ्यांना इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि या विषयावरच्या बहुतेक इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडणार नाही.

संगणकाला शब्द कळत नाही. त्याला चिन्हांची रांग दिसते आणि तो रांगेशी रांग जुळवून पाहतो. तुम्ही शोधाच्या चौकटीत ‘दुष्काळ’ टाकलंत तर ‘दुष्काळात’, ‘दुष्काळाचा’ हेही सापडतील, कारण त्यांची सुरुवात तीच आहे. पण ‘विहीर’ टाकलंत तर ‘विहिरीत पाणी नव्हतं’ हे वाक्य सापडणार नाही. विभक्तीचा प्रत्यय लागला की दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते आणि रांग तिथेच तुटते. ‘पाऊस’ टाकून ‘पावसाने’ मिळत नाही, ‘माणूस’ टाकून ‘माणसं’ मिळत नाहीत, ‘पाणी’ टाकून ‘पाण्याचा’ मिळत नाही. मोठ्या शोधयंत्रांनी अशी रूपं ओळखायला बरंच काही केलंय. नोंदींच्या ॲपमधला शोध सहसा इतका शहाणा नसतो. मराठीत शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतोच, म्हणजे आपल्या भाषेत हा अपघात रोजचा आहे.

उपाय दोन. एक, शोधताना शब्दाचा न बदलणारा तुकडा टाकायचा: ‘विह’, ‘पाण’, ‘माण’. त्यात ‘विहार’ आणि ‘विहंग’ही येतील, पण ते नजरेआड करणं सोपं आहे. दुसरा उपाय पक्का: नोंदीच्या शेवटी मूळ रूपातले चार-पाच शब्द लिहून ठेवायचे. वर लुमानच्या सूचीबद्दल सांगितलं तेच हे काम, फक्त सूची वेगळी न ठेवता नोंदीतच ठेवलेली. ॲपमध्ये टॅगची सोय असेल तर टॅगही चालतील. मला साधी ओळ बरी वाटते, कारण ती कोणत्याही साधनात तशीच राहते.

याहून फसवी अडचण दिसायला सारख्या शब्दांची आहे. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा ‘र’ संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात त्याच्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरलं जातं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसू शकतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवत, आणि जुन्या मजकुरात, जुन्या कीबोर्डांवर ते रूप अजून भेटतं. आकड्यांचं तर सरळच आहे: देवनागरी आकड्यांत लिहिलेलं साल इंग्रजी आकडे टाकून सापडेलच असं नाही.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते तपासायला दोन मिनिटं पुरतात. फोनवर एका नोंदीत ‘वऱ्हाड’, ‘ॲप’ आणि एखादं साल लिहा. मग संगणकावर तेच तिन्ही टाइप करून शोधा. सापडलं तर तुमचे दोन्ही कीबोर्ड एकच चिन्हं वापरतात. नाही सापडलं तर एक कीबोर्ड बदला, किंवा आकडे कायम एकाच लिपीत लिहायचे असं ठरवून टाका. हे सुरुवातीलाच केलेलं बरं. हजार नोंदी झाल्यावर निस्तरणं त्रासाचं होतं.

छापखान्याच्या कामातून आलेला जुना मजकूर हा याच दुखण्याचा पुढचा टप्पा. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं लिखाण युनिकोडमध्ये नसेल, तर फाँट काढून घेतल्यावर तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात. असा मजकूर शोधात कधीच येणार नाही. तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात. संस्थांच्या जुन्या स्मरणिका, अहवाल, अप्रकाशित हस्तलिखितं अशा फाइलींमध्ये अडकून पडली असतील तर ती सोडवण्याचं काम कोणीतरी हाती घ्यायलाच हवं, कारण ते फाँट चालणारे संगणक दिवसेंदिवस कमी होताहेत.

इथून पुढचा प्रश्न ओघाने येतो: आपली नोंद नेमकी राहते कुठे? काही साधनं, उदाहरणार्थ नोशन किंवा गूगल कीप, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. सोय मोठी आहे. फोन हरवला तरी नोंदी जात नाहीत, आणि चार जणांनी मिळून एकाच पानावर काम करायचं असेल तर नोशनसारखं काही नाही. पण सेवा बंद होतात किंवा अटी बदलतात. गूगलने २००६ मध्ये ‘गूगल नोटबुक’ सुरू केलं आणि २०१२ मध्ये बंद केलं. एव्हरनोट एकेकाळी या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव होतं. २०२३ च्या अखेरीला त्यांच्या मोफत योजनेवर ५० नोंदींची मर्यादा आली. कंपन्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. धंदा बदलला की नियम बदलणारच. फक्त वीस वर्षं पुरायला हवी अशी गोष्ट आपण दुसऱ्याच्या धंद्यावर किती सोपवायची, याचा विचार आधी करावा.

ऑब्सिडियनसारखी साधनं उलट बाजूने जातात. त्यांत प्रत्येक नोंद ही तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमधली साध्या मजकुराची फाइल असते. ठळक अक्षर, शीर्षक, यादी यांसाठी मार्कडाउन नावाची अगदी साधी चिन्हपद्धत असते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की तो ठळक. ही फाइल नोटपॅडमध्येही उघडते. उद्या ऑब्सिडियन नाहीसं झालं तरी फोल्डर तिथेच राहील, आणि दुसरं कोणतंही साधन तो वाचू शकेल. याची किंमत म्हणजे फोन आणि संगणक यांच्यात जुळवाजुळव, म्हणजे सिंक, आपणच लावायची. त्यासाठी पैसे भरून त्यांची सेवा घ्या किंवा सिंकथिंगसारखं मोफत साधन वापरा. आणि फोल्डरची एक प्रत अधूनमधून वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: एकीकडे चुकून पुसलेली फाइल सिंक दुसरीकडेही इमानेइतबारे पुसतं.

या साधनांच्या चित्रफिती पाहिल्या असतील तर त्यांत एक जाळं हमखास दाखवतात: प्रत्येक नोंद म्हणजे एक ठिपका, प्रत्येक लिंक म्हणजे एक रेघ. ते बघायला सुंदर असतं. पण शंभरच्या वर नोंदी झाल्या की त्यातून काही वाचता येत नाही, आणि जाळं भरगच्च दिसावं म्हणून माणूस उगाच लिंका देत सुटतो. दोन नोंदी का जोडल्या हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच जोडाव्यात, आणि ते वाक्य लिंकच्या शेजारीच लिहावं.

अलीकडे या सगळ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिचा नोंदींसाठी खरा उपयोग मला अर्थावरून शोधण्यात दिसतो. यात प्रत्येक नोंदीचं रूपांतर आकड्यांच्या एका लांब रांगेत केलं जातं, अशा बेताने की अर्थाने जवळच्या नोंदींचे आकडेही एकमेकांच्या जवळ पडतात. मग ‘पाणीटंचाई’ शोधल्यावर ‘विहिरी आटल्या’ असं लिहिलेली नोंदही वर येऊ शकते, जरी दोघांत एक शब्द सारखा नसला तरी. मराठीच्या विभक्तींची अडचण यातून बरीच हलकी होईल. सारांश काढून देण्याच्या सोयीबद्दल मात्र मी सावध आहे. यंत्राने काढलेला सारांश पुस्तक वाचायचं की नाही हे ठरवायला चालतो; नोंद म्हणून तो ठेवला तर दोन वर्षांनी आपण परक्याचं टिपण वाचत बसतो, आणि त्यातली चूक ओळखायला मूळ मजकूर आपण वाचलेलाच नसतो. आणि एक गोष्ट विसरू नये: कोणाची मुलाखत, रुग्णांची माहिती, कार्यालयीन कागद असं काही नोंदींत असेल तर ते बाहेरच्या सर्व्हरवर चढवण्याआधी संबंधितांची परवानगी हवी.

सुरुवात करायची तर जुनं सगळं एकदम नव्या साधनात ओतू नका. तो ढीग तिथेही ढीगच राहतो. सध्या चालू असलेला एकच विषय घ्या, मग तो एमपीएससीचा भूगोल असो, घराण्याचा इतिहास असो वा पुढच्या वर्षीचं पुस्तक. त्यावर रोज वाचलेल्यातली एखादी गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा, विधानाचं शीर्षक द्या, मूळ शब्दांची ओळ द्या, आणि आधीच्या कोणत्या नोंदीशी हिचं नातं आहे का हे एकदा पाहा. फोल्डरांची उतरंड आत्ताच रचू नका. जुन्या फोटोंतलं आणि डायरीतलं काही त्या विषयापुरतं लागलं की तेवढंच आत आणा. छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढून देण्याचं काम गूगल लेन्स चांगलं करतं. तीसेक नोंदी झाल्या की सगळ्यात जास्त बॅकलिंक कोणत्या नोंदीला आहेत ते पाहा. तुमचा खरा विषय काय आहे ते बहुधा तिथे दिसेल, आणि तो सुरुवातीला ठरवलेल्या विषयाहून वेगळा असू शकतो.